हात खिशात घालून

नीश, सर्बिया
६ ऑक्टोबर २०२४

अण्णा, जय भीम.

येऊन आठवडा झाला. व्हिडिओवर तुम्ही हाताने विचारता, जेवलीस का. मी हातानेच सांगते, जेवले. मग आई फोन ओढून घेते आणि तिचं सुरू होतं. तुमच्या भोसरीच्या हॅमर शॉपमधल्या, घणांच्या आवाजातल्या खाणाखुणांमध्ये याच्या पुढचं काही सांगता येत नाही आणि फोनवरचं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे हे पत्र. मी टाइप करून प्रितमला पाठवीन, तो ऑफिसात प्रिंट काढून तुम्हाला देईल. तुम्ही आपले फुलस्केप कागदावर लिहा, तो फोटो काढून मला पाठवेल. मोबाइलवर वाचणं म्हणजे तांदळातले खडे निवडणं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

कामाचं सांगते. आमच्या चाकणच्या कंपनीने इथला एक जुना कारखाना घेतला आणि चाकणहून नवे प्रेस आणून बसवले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या प्रेसवरच्या इथल्या कामगारांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यायचं, हे माझं काम. सध्या निकोला नावाचा दुभाषी सोबत असतो. मी इंग्रजीत बोलते, तो त्यांच्या भाषेत सांगतो. पण तो नवीन वर्षापर्यंतच आहे. मे महिन्यात सुरक्षा अधिकारी बाई येणार आणि त्यांच्यासमोर मला सगळं प्रशिक्षण सर्बियनमध्ये द्यायचंय, दुभाष्याशिवाय. जमलं तर इथली जागा तीन वर्षांसाठी पक्की. नाही जमलं तर परत चाकण, क्वालिटीचं तेच टेबल, आणि "डिप्लोमावालीला कशाला पाठवता" म्हणणारे आमचे हिंदुराव साहेब खरे ठरतील.

तुम्ही काळजी करू नका. भाषा मला आवडली आहे. जशी बोलतात तशी लिहितात, आपल्यासारखीच. फक्त लिप्या दोन आहेत, रस्त्यावर एक पाटी या लिपीत तर दुसरी त्या. विभक्त्या सात. शाळेत बाईंनी उभं करून पाठ करून घेतलेलं "स, ला, ते" इतक्या वर्षांनी कामी येतंय. दोनाला द्वा, तीनाला त्री. दुकानाला दुच्यान, पेटीला संदुक, साबणाला सापून. आणि नाती आपल्यासारखीच निवडून ठेवलेली, सगळ्यांना अंकल म्हणून मोकळं होणं नाही. काका वेगळा, मामा वेगळा, जाऊ वेगळी, नणंद वेगळी, आणि दीर म्हणजे देवेर. आईला सांगा, मला इथे परकं वाटत नाही. थंडी मात्र आतापासूनच आहे.

तुमची
आमू

*

कासारवाडी
२० ऑक्टोबर २०२४

आमू, जय भीम.

पत्र मिळालं. तुझ्या आईने ते शेजारी शहाजादी भाभींनाही वाचून दाखवलं. दुच्यान आणि संदुक ऐकून भाभी म्हणाल्या, मग पोरगी आमच्याच मोहल्ल्यात राहते की.

पत्र चांगलं आहे. पण मी ते पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. भाषेबद्दल तू भरभरून लिहिलंस, पण कोण काय बोललं, ते कुठेच नाही. कुणी तुला हसलं का? कुणी जेवायला बोलावलं का? बसमध्ये कुणाशी भांडलीस का? निकोलाचं नाव आलं, तेही पगारी माणूस म्हणून. भाषा म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला?

माझी आई, तुझी गोजाबाई आजी, राजगुरुनगरच्या बाजारात भाजी विकायची. चार बुकंही शिकली नव्हती. इकडे राहायला आल्यावर शहाजादी भाभींशी हिंदी बोलायची, आणि ते काय हिंदी. "भाभी, मेथी निवडके रखी हाय, लवकर लेके जाव, न्हाई तो सुकून जाइंगी." भाभी पोट धरून हसायच्या आणि तेवढ्याच मोडक्या मराठीत उत्तर द्यायच्या. आजीचा आवाज मोठा, चुकली तरी मोठ्यानेच चुकायची. दोघींची मैत्री आजी गेली तेव्हाच थांबली. दुसऱ्याला हसवल्याशिवाय कोणती भाषा येत नाही, असं माझं मत आहे.

इकडे सगळं ठीक. प्रितमने आणलेलं कानाचं मशीन चांगलं चाललंय. तू तिकडे पोटभर खा.

अण्णा

*

नीश
१ डिसेंबर २०२४

अण्णा, जय भीम.

आज तुम्हाला अभिमान वाटेल असं लिहायचंय, म्हणून रविवार उजाडायची वाट बघत होते.

प्रेस चालू झाले की शॉपमध्ये कानठळ्या बसतात. सगळ्यांच्या कानात बोळे. निकोलाने कितीही ओरडून सांगितलं तरी कुणाला कळायचं नाही. एक दिवस माझ्याही नकळत मी मूठ वर केली, आणि अख्खी लाइन थांबली. मग काय. मी तुमच्या हॅमर शॉपची सगळी शाळाच उघडली. तळहात खाली दोनदा, हळू. दोन बोटं फिरवली, क्रेन आणा. अंगठा तोंडाशी, चहा. इथे चहा नाही, काळी कॉफी असते, पण अंगठा तोच. आणि गळ्यापाशी टाय सरळ केल्याची खूण, म्हणजे साहेब येतोय. ती तर यांना इतकी आवडली, की परवा मॅनेजर आत आला तेव्हा लाइनवरच्या सगळ्यांचा हात गळ्याकडे गेला. तो बिचारा आपली कॉलर चाचपत उभा.

आता मला लाइनवर "रुके" म्हणतात. रुके म्हणजे हात. मी आले की लोक हात वर करून हसतात. अण्णा, तुम्ही भोसरीच्या त्या धुरात उभं राहून जी भाषा बनवली, ती इथे जशीच्या तशी चालते. मे महिन्याची मला आता भीती वाटत नाही. निकोला डिसेंबरअखेर जाईल, जाऊ दे.

मशीन कसं आहे? बॅटरी बदलता ना?

आमू

*

कासारवाडी
१२ डिसेंबर २०२४

आमू, जय भीम.

अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, मी तुझं पत्र घेऊन कासारवाडी स्टेशनपर्यंत गेलो आणि जुना कुणी हॅमरवाला भेटतो का बघितलं. कुणी नाही भेटलं, मग पेपरवाल्यालाच दाखवलं. आमच्या खुणा बोटीत न बसता युरोपात गेल्या.

पण घरी येऊन बसल्यावर मला बरं वाटेना. का ते लिहितो, राग मानू नको.

मूठ वर केली की माणूस थांबतो. पण का थांबायचं, ते मुठीत मावत नाही. मी आणि चिमाजी एका हॅमरवर आयुष्य उभे राहिलो. त्याला धाकटी मुलगी झाली ते मला हॅमरपाशी कळलं नाही, कॅन्टीनमध्ये कळलं. हॅमरपाशी आम्ही फक्त कामाचं बोललो, कारण खुणांना तेवढंच येतं. हळूहळू माणसाला तेवढंच पुरे वाटायला लागतं. तू बारावीत होतीस तेव्हा माझे कान पुरते गेले, आणि मी ती सवय घरी आणली. खुणेत बसेल तेवढंच बोलायचं. तुझी आई म्हणते, माझं लग्न माणसाशी लावलं का सिग्नलशी.

माझं वय झालं, मला चालून गेलं. तू सत्तावीसची आहेस. तुला तिथे तीन वर्षं राहायचं आहे आणि लोकांचे हात प्रेसखाली जाऊ नयेत हे बघायचं आहे. एक दिवस हात खिशात घालून शॉपमध्ये जा. काय होतं ते मला कळव.

अण्णा

(ताई, मी प्रितम. फोटो काढता काढता लिहितोय, अण्णांना सांगू नकोस. मशीन दसऱ्यापासून गोदरेजच्या कपाटात आहे, आईच्या पैठणीखाली. एक दिवस लावलं, म्हणाले नुसता कचरा ऐकू येतो, आणि काढून ठेवलं.)

*

नीश
१९ जानेवारी २०२५

अण्णा,

तुमच्यावर चिडले होते, म्हणून उशीर. आता माझ्यावरच चिडले आहे, म्हणून लिहिते.

निकोला गेला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मी एक दिवस हात खिशात घातले, आणि दुपारपर्यंत माझ्या तोंडून "दोबार दान", म्हणजे नमस्कार, याच्या पुढे काही निघालं नाही. खरं सांगते. मी इथे आल्यापासून बोलतच नव्हते. ब्रेड बोट दाखवून घेते. बसमध्ये पास दाखवते. संध्याकाळच्या क्लासमध्ये पेपरात मार्क मिळतात, पण तोंडी आलं की अडते. आधी नाम कुठल्या लिंगाचं ते आठवायचं, मग विभक्ती, मग विशेषणालाही तीच विभक्ती. क्रियापदांच्या तर जोड्या, काम चालू असेल तर एक आणि संपलं असेल तर दुसरं. मी मनात सगळं जुळवेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच, की माझ्या पत्रात कुणी बोलत नव्हतं कारण माझ्याशी कुणी बोलावं असं मीच काही करत नव्हते.

आता मुख्य गोष्ट. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे कुठलाच हात आत राहत नाही. द्रागान नावाचा एक जण आहे, कामाला वाघ. त्याने एक बटण चिकटपट्टीने दाबून बांधलं होतं, एका हाताने काम भराभर होतं म्हणून. मी मूठ वर केली, बोटाने नाही नाही केलं. त्याने हसत पट्टी काढली. दुसऱ्या दिवशी पट्टी परत. मी परत मूठ वर केली. तेव्हा त्याने कानातले बोळे काढले आणि विचारलं, "झाश्तो?"

झाश्तो म्हणजे का. पहिल्या धड्यातला शब्द. उत्तर माझ्याकडे मराठीत होतं, इंग्रजीत होतं. मी काय केलं, सांगू? पुन्हा मूठ वर केली. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि कामाला लागला. मी मशीन बंद करून चावी काढून घेतली, तेवढं करता आलं. पण रोज प्रत्येकाची चावी घेऊन मी कुठे फिरणार? आणि मे महिन्यात अधिकारी बाई हाच प्रश्न विचारणार आहेत.

आता तुमचं. पैठणीच्या खाली काय आहे, अण्णा? "मशीन चांगलं चाललंय" म्हणे. कपाटात काय चाललंय ते? प्रितमला ओरडू नका, त्याने चोरी पकडली, केली नाही.

आपण सौदा करू. मी हात खिशात घालते, तुम्ही मशीन कानात घाला. मी चुकेन, लोक हसतील. तुम्हाला कचरा ऐकू येईल. दोघांनी मे महिन्यापर्यंत सोडायचं नाही. कबूल असेल तर लिहा.

आमू

*

कासारवाडी
९ फेब्रुवारी २०२५

आमू, जय भीम.

कबूल. प्रितमला ओरडलो नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं.

मशीन लावून दोन आठवडे होत आले. पहिल्या दिवशी मला वाटलं घरात कुणी करवत चालवतंय. तो फ्रिज निघाला. माझ्या स्वतःच्या चपला इतका आवाज करतात हे मला माहीत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी उठून उभा राहिलो. आवाज सगळे येतात, शब्द मात्र येत नाहीत. सगळी माणसं तुझ्या त्या सर्बियनमध्ये बोलल्यासारखी वाटतात. डॉक्टरीण म्हणाली, काका, कानाला आवाज मिळाला, आता डोक्याला परत शिकावं लागेल, रोज थोडं थोडं. म्हणजे मीही क्लासला बसलो.

पहिलं नीट कळलेलं वाक्य रियाजचं. स्कूटर घेऊन त्याच्या गॅरेजवर गेलो होतो. मी आजवर समजत होतो, माणूस गुणी आहे पण अबोल. तो चाकाशी बसून अखंड बोलत होता, महागाई, त्याची पोरगी नबीला, समोरच्याने लावलेली गाडी. मी म्हटलं, अरे, तू बोलायला कधी लागलास? तो म्हणाला, "चाचा, मी तर बोलतच होतो. तुम्ही आज आलात."

आता तुझा झाश्तो. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण मी ते तुम्हा मुलांना कधी सांगितलं नाही.

हॅमरच्या आधी मी आणि चिमाजी प्रेसवर होतो. बटणात लाकडाची पाचर ठोकायची पद्धत तेव्हाही होती. मीही ठोकायचो, सगळेच ठोकायचे, सुपरवायझर दुसरीकडे बघायचा. एका शनिवारी चिमाजीच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्या दिवशी त्याला घाई नव्हती, झोप नव्हती, दारू तर तो कधीच प्यायला नाही. तो माझ्याशी बोलायला वळला होता, एवढंच. बरा होऊन आला तेव्हा कंपनीने आम्हाला हॅमरवर घातलं. तिथे सगळं बोलणं बोटांचं. चिमाजी हात वर करून पाच सांगायचा आणि समोरच्याला तीन दिसायचे. नवी पोरं तीनच नग द्यायची. मग तो दुसऱ्या हाताची दोन बोटं जोडायचा आणि हसायचा. मला ते हसू बघवायचं नाही, अजून आठवलं की बघवत नाही.

तो आता राजगुरुनगरला असतो. माझे कान गेल्यापासून मी त्याच्याकडे गेलो नाही. ऐकूच येत नाही तर समोर बसून काय करायचं, असं वाटायचं.

ही गोष्ट तू तिथे सांग. त्याला विचारलेलं नाही, पण तो नाही म्हणणारा माणूस नाही.

अण्णा

*

नीश
२० एप्रिल २०२५

अण्णा, जय भीम.

चिमाजीकाकांची गोष्ट वाचून मी रडले. मग डिक्शनरी घेऊन बसले.

आता माझ्या पत्रात माणसं आहेत बघा. लाइनवर ल्युबित्सा नावाच्या बाई आहेत, रिटायर व्हायला आलेल्या. मी त्यांना तेता म्हणते, म्हणजे मावशी. फेब्रुवारीत मी कोटाच्या खिशात हात घालून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तेता, मला बोलायचंय. हात नाही." व्याकरणाचं पार भरीत झालं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझे दोन्ही खिसे बाहेरून थोपटले आणि म्हणाल्या, "पोलाको." म्हणजे हळूहळू. तेव्हापासून दर शनिवारी त्यांच्या घरी जाते. बूट दाराबाहेर काढायचे, आपल्यासारखेच. त्या कॉफी देतात आणि मी खिशात हात घालून बसते. कप उचलायला परवानगी आहे.

हसतात, अण्णा. पोट धरून हसतात. मी एकदा सांगायला गेले की माझे वडील आता मशीन लावतात, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं तुम्ही वॉशिंग मशीन लावता. लाइनवरच्या सगळ्या बायांनी तुमचं कौतुक केलं. मी चूक दुरुस्त केली नाही, आईला तेवढंच समाधान.

चौदा एप्रिलला मी शिरा करून लाइनवर वाटला. द्रागानने खाल्ला, बोटं चाटली, आणि विचारलं, "झाश्तो?" कशासाठी? आणि मी उभ्या उभ्या सांगितलं. ज्यांना पाणी भरू देत नव्हते त्यांच्यासाठी एक माणूस किती शिकला, आणि माझे आजोबा शाळेबाहेर बसायचे पण मी इथे आले. किती विभक्त्या चुकल्या कोण जाणे. द्रागान शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "आणखी आहे का?" मला कळलं नाही, शिरा विचारतोय का गोष्ट. दोन्ही दिलं.

पण त्याची पट्टी अजून अधूनमधून दिसते. परीक्षा १५ मेला आहे. चाकणहून हिंदुराव साहेब व्हिडिओवर असतील. चिमाजीकाकांची गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. ती मी त्या दिवशीच सांगणार आहे. भीती वाटते.

आमू

*

कासारवाडी
२ मे २०२५

आमू,

पोलाको.

तुझी आई भांडी घासताना गुणगुणते. मी विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, लग्नाच्या आधीपासून.

भीती वाटली तर मोठ्याने चूक. आजीसारखी.

अण्णा

*

नीश
१७ मे २०२५

अण्णा, जय भीम.

कालच लिहायचं होतं, पण काल दिवसभर लाइनवरच होते.

परवा प्रेस बंद ठेवले होते. लाइनवरचे सगळे, अधिकारी बाई, मॅनेजर, आणि भिंतीवरच्या पडद्यावर हिंदुराव साहेब. मी कोटाच्या खिशात हात घातले. मागून कुणीतरी "रुके" म्हणालं आणि सगळे हसले. मी म्हटलं, आज हात नाहीत. आज एका माणसाच्या हाताबद्दल सांगते.

नियम सगळे सांगितले, ते पाठ होते. मग बटणाशी आले. इथे मोठ्या माणसाला चिका म्हणतात, म्हणून मी म्हटलं, चिका चिमाजी माझ्या वडिलांचा मित्र आहे. पुढचं मी पाठ केलं नव्हतं. पाठ केलं असतं तर चुकल्यावर अडकले असते. मी तेता ल्युबित्सांकडे बघून सांगत गेले. शनिवार होता. घाई नव्हती. तो मित्राशी बोलायला वळला. "दोन बोटं" म्हणताना शब्दाचा शेवट चुकला, मला लगेच कळलं, आणि कुणीही हसलं नाही. मग पाच आणि तीनचं सांगितलं. तिथे माझा उजवा हात आपोआप खिशातून निघायला लागला, पाच दाखवायला. मी तो परत आत ढकलला. तोंडानेच सांगितलं. शेवटी म्हटलं, मी मूठ वर करते तेव्हा तुम्ही थांबता. का थांबायचं, ते हे.

नंतर अधिकारी बाईंनी मला काही विचारलंच नाही. त्या कामगारांकडे वळल्या आणि नेमकं द्रागानला उभं केलं. बटण का बांधायचं नाही? मला वाटलं, संपलं. द्रागानने टोपी काढली आणि सांगायला लागला. भारतात एक चिका चिमाजी आहे. अण्णा, त्याने सगळी गोष्ट सांगितली, माझ्या सगळ्या चुका दुरुस्त करून. शेवटी म्हणाला, त्याला घाई नव्हती, तो फक्त बोलायला वळला होता, आणि मी तर दिवसभर बोलतो. खाली बसायच्या आधी त्याने खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

तीन वर्षं पक्की झाली. हिंदुराव साहेब पडद्यावरून म्हणाले, "मॅडम, भाषेचं मला काही कळलं नाही, पण सगळे ऐकत होते हे दिसलं." चाकणमध्ये मी त्यांना आम्रपाली होते, आता मॅडम झाले.

तेता ल्युबित्सांनी फोनवर माझं बोलणं रेकॉर्ड केलंय. प्रितमला पाठवते. तुम्हाला नीट ऐकू येईल का, माहीत नाही, आणि आलं तरी कळणार नाही. तरी पाठवते.

आमू

*

कासारवाडी
१ जून २०२५

आमू, जय भीम.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी प्रितमने रेकॉर्डिंग लावलं. पहिल्यांदा नुसता गलका. मी पोलाको म्हटलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्या गलक्यातून एक शब्द निघाला, चिमाजी. म्हटलं, हे एकट्याने ऐकायचं नाही.

रविवारी प्रितमला घेऊन राजगुरुनगरची बस धरली. चिमाजी दारातच बसला होता. मला बघून सवयीने खुणेने विचारलं, चहा? मी म्हटलं, तोंडाने विचार, मला आता ऐकू येतं. त्याने माझ्या कानातलं मशीन बघितलं. मग म्हणाला, "आण्णा, तू व्हय? इतकी वरसं कुटं व्हतास?"  ऐकायला आलो, म्हटलं.

रेकॉर्डिंग लावलं. तो डावा हात मांडीवर ठेवून ऐकत होता. त्याचं नाव आलं की मान वर करायचा. द्रागानचं प्रितमने त्याला समजावून सांगितलं, पट्टीचं रीळसुद्धा.  चिमाजी आपल्या हाताकडे बघून म्हणाला, "माजी बोटं लई लांब गेली की राव." आणि हसला. ते हसू मी या वेळी बघितलं, आणि ऐकलंसुद्धा. मग आम्ही शेवटच्या बसपर्यंत बोललो. त्या शनिवारी तो मला काय सांगायला वळला होता, ते त्याला अजून आठवत होतं. थोरल्या पोरीचं नाव ठरलं, एवढंच सांगायचं होतं त्याला.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते लिहितो. तुझा आवाज मी शेवटचा नीट ऐकला तेव्हा तू बारावीत होतीस. लहान मुलीचा आवाज होता. नंतर तू मोठी झालीस ते मी फक्त डोळ्यांनी बघितलं. मशीन लावल्यावरही व्हिडिओवर आपण खुणांवरच भागवलं. परवा ते रेकॉर्डिंग ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, की तुझा आवाज माझ्या आईचा आहे. गोजाबाईचा. तोच मोठा, बाजारातला. ती गेल्यावर तो आवाज मला पुन्हा ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं, आणि तो मला सर्बियनमध्ये ऐकायला मिळाला. मी प्रितमला सांगितलं नाही, शहाजादी भाभींना ऐकवलं. त्यांनी एक वाक्य ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, गोजाबाई आली.

येत्या रविवारी तू व्हिडिओ लावू नको. नुसता फोन कर. मी तो टेबलावर ठेवीन, स्पीकर चालू करून, आणि हात खिशात घालून बसेन. जेवलीस का हे विचारणार नाही. तू बोल.

अण्णा